पडदेबाई आणि दोन टेपा

पडदेबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गल्लीत त्या पडदेबाई, गिऱ्हाइकांच्या तोंडी पडदेबाई, आणि रुग्णालयात पहिल्या दिवशी खिडकीमागच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा त्यांच्याही तोंडून आधी तेच निघालं. खाली दुकान, वर घर. दुकानात कापडाचे ताके, एक लांबलचक टेबल, दोन शिलाई मशिनं आणि एक नवरा. नवऱ्याचं काम रॉड ठोकायचं आणि माप घेताना टेपचं दुसरं टोक धरायचं. दुसरं टोक धरायला अक्कल लागत नाही, असं पडदेबाई म्हणत. नवरा त्यावर काही म्हणत नसे, आणि म्हणूनच संसार सुरळीत चालला होता.

या गृहस्थांनाही नाव होतं, पण ते लग्नानंतर लवकरच वापरातून गेलं. झालं असं, की एका मोठ्या सभागृहाचं काम मिळालं होतं. खिडक्यांची आणि रंगमंचाची मापं घ्यायला हे एकटे गेले आणि जाताना घरातली जुनी कापडी टेप घेऊन गेले. ओढून ओढून ती टेप लांब झाली होती, त्यामुळे प्रत्येक आकडा कमी भरला. पडदेबाईंनी तो आकडा प्रमाण मानून पोलादी टेपने कापड बेतलं. पडदे लागले आणि जमिनीपासून चांगले हातभर वर लटकले. उद्घाटनाची भाषणं चालू असताना पडद्यामागे ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींचे पाय सगळ्या सभागृहाला दिसत होते. त्या दिवसापासून नवऱ्याचं नाव ‘दोनटेपे’ पडलं.

दुसऱ्या एखाद्या बाईने झाल्या गोष्टीवर पडदा टाकला असता. पडदेबाईंनी तो कायमचा उघडा ठेवला. शिवण शिकायला नवी मुलगी आली, की पहिल्या दिवशी तिला ही गोष्ट ऐकवायची. गिऱ्हाईक चहा प्यायला टेकलं, की त्यालाही ऐकवायची. शेवटी तात्पर्य ठरलेलं: “एका कामाला एकच टेप. नाहीतर आमच्या ह्यांच्यासारखं होतं.” दोनटेपे तिथेच स्टुलावर चढलेले असायचे. ते दर वेळी बेताचं हसायचे आणि तोंडातले खिळे सांभाळायचे. संसाराची तीस-बत्तीस वर्षं ही गोष्ट शिळी झाली नाही, याचं श्रेय सांगणारीपेक्षा ऐकून घेणाऱ्याला जास्त द्यायला हवं.

गाठ सापडली ती मात्र कुठल्याही टेपशिवाय. अंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. पडदेबाईंनी आठवडाभर तिकडे दुर्लक्ष केलं, कारण एका कचेरीचे पडदे द्यायचे होते. पडदे वेळेवर गेले. मग तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाहिला गेला, आणि स्तनाचा कर्करोग आहे असं ठरलं. कर्करोगाचे डॉक्टर फार सौम्य बोलणारे होते. आधी औषधं देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन करू, असं त्यांनी इतक्या जपून सांगितलं, की समोरची बाई आता कोसळेलच अशी त्यांची खात्री असावी.

पडदेबाई कोसळल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे. कापड आधी भिजवून आटवायचं, मगच कात्री लावायची,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी दोनटेप्यांकडे पाहिलं. दोनटेप्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, की चालू द्या.

सोनोग्राफीच्या खोलीत त्या उताण्या पडल्या होत्या. छातीवर गार चिकट मलम, त्यावर फिरणारा डॉक्टरबाईंचा हात, मशीनच्या पडद्यावर करडं धुकं आणि त्यात एक काळपट डाग. डॉक्टरबाईंनी डागाच्या दोन टोकांना दोन बारीक फुल्या मारल्या आणि अंतर मोजलं. अशा वेळी बाईमाणसाच्या मनात काय काय येत असेल, असं पुस्तकात लिहितात. पडदेबाईंच्या मनात खाटेभोवतीचा पडदा आला. त्याची खालची पट्टी वाकडी दुमडलेली होती, एक कडी सुटली होती, आणि शिवणारा माणूस बहुधा घाईत किंवा शुद्धीत नसावा. त्यांनी हे डॉक्टरबाईंना तिथेच सांगितलं. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून त्यांना बोलायला माणूस मिळत नसावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “काकू, श्वास रोखा.”

मग सुईने गाठीच्या आत तिळाएवढी धातूची खूण ठेवली गेली. डॉक्टरबाईंनी कारण सांगितलं, की औषधाने गाठ पार विरली तर ऑपरेशनच्या वेळी जागा सापडायला हवी. हेही पडदेबाईंना पटलं. खडूची खूण पुसली जाते, म्हणून त्या स्वतः दोऱ्याची खूण घालत. एकूण हे रुग्णालय पडद्याच्या बाबतीत ढिसाळ असलं तरी बाकी धंदा जाणतं, असं त्यांचं मत झालं.

त्यानंतर एमआरआय झाला. पालथं झोपायचं, हातात सुई, आणि कानाशी कुणी पत्र्यावर हातोडे मारत असल्यासारखा आवाज. आत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. यातली दुसरी अट पडदेबाईंना जास्त जड गेली. त्याचा अहवाल थेट कर्करोगाच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर गेला. घरात कुणी तो मागितला नाही, कारण घरात भावजी होते आणि भावजींकडे आकडा आधीच आलेला होता.

भावजी म्हणजे दोनटेप्यांचे धाकटे भाऊ. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातल्या सगळ्या विषयांत गती आली होती. सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो त्यांनी फोनमध्ये घेतला होता आणि ‘दोन पॉइंट नऊ सेंटिमीटर’ हा आकडा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. भेटायला आलेली मंडळी मग गंभीर चेहऱ्याने बोटांत तेवढं अंतर धरून बघत. कुणी म्हणे फार नाही, कुणी म्हणे कमीही नाही. वहिनींच्या छातीतली गाठ अशी सगळ्या नात्यागोत्यात हातोहात फिरली.

औषधं सुरू झाली आणि पडदेबाईंचं बोलणं हळूहळू कमी झालं. केस गेले. त्यांनी उरलेल्या जरीच्या कापडाच्या टोप्या शिवल्या आणि डोक्यावर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा पडदा घालून त्या दुकानात बसू लागल्या. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, ते सगळं त्यांनी सोसलं. पण पुढे बोटांची टोकं बधिर झाली. सुई हातात आहे की पडली, हे बघितल्याशिवाय कळेना. एकदा पट्टी घालताना सुई बोटात शिरली आणि कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कुठे त्यांना पत्ता लागला. त्या दिवशी त्यांनी मशीन झाकून ठेवलं. बोटं गेली तर पडदेबाईतली बाई तेवढी शिल्लक राहील, आणि त्या बाईशी आपली फारशी ओळख नाही, हे त्यांना उमगलं. त्या मनातून घाबरल्या होत्या, पण कबूल करायची सवय नव्हती.

औषधं निम्म्यावर आल्यावर पुन्हा एमआरआय झाला. औषध लागू पडतंय का, ते बघायला. या वेळी अहवाल हातात मिळाला. कर्करोगाचे डॉक्टर भेटणार होते पुढच्या आठवड्यात, पण भावजी भेटणार होते त्याच संध्याकाळी.

भावजींनी चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि थोडा वेळ घरात शांतता पसरू दिली. विमा कचेरीत त्यांनी माणसांना वाईट बातम्या देण्यात हयात घालवली होती, तो सराव दिसला. “वहिनी,” ते म्हणाले, “तीन पॉइंट चार.”

“म्हणजे?”

“म्हणजे आधी होती दोन पॉइंट नऊ. आता तीन पॉइंट चार. वाढलीय. मी आधीच म्हणत होतो.”

ते आधी असं काही म्हटले नव्हते, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. मग त्यांनी आपल्या ओळखीच्या एका चूर्णवाल्याचा नंबर काढला, ज्याने म्हणे असे कितीतरी बरे केले होते. त्या कितीतरींपैकी एकही कुणाला कधी भेटलेला नव्हता.

पडदेबाई कागदाकडे बघत राहिल्या. आटवायला टाकलेलं कापड वाढलं होतं. “बंद,” त्या म्हणाल्या.

“काय बंद?” दोनटेप्यांनी विचारलं.

“औषध बंद. केस गेले, बोटं गेली, आणि गाठ खाऊन-पिऊन मजेत आहे. मला नाही जायचं आता तिथे.”

खरं सांगायचं तर पडदेबाईंना निमित्तच हवं होतं. आकडा वाढला म्हणून त्यांना वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी, आता ती सुई नको, ती खुर्ची नको, या विचाराने हायसंही वाटलं. या हायसं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी आवाज चढवला. चढलेल्या आवाजापुढे वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती. डॉक्टरांच्या भेटीचा दिवस आला आणि गेला. औषधाचा दिवस आला, त्या दिवशी पडदेबाई सकाळीच दुकानात जाऊन बसल्या आणि झाकलेल्या मशिनीसमोर दुपारपर्यंत काहीही न करता बसून राहिल्या. एकदा त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. दोनटेप्यांना रडण्याचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी ड्रिल मशीन चालू केलं, म्हणजे तिला वाटावं की ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोनटेपे रॉड आणायला जातो म्हणून गेले आणि रॉडशिवाय परत आले. बराच वेळ ते खिशातले स्क्रू मोजत बसले. मग म्हणाले, “अगं, त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांना तो पडदा नीट करून हवाय. तू म्हणाली होतीस ना.”

पडदेबाईंनी मान वर केली. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“हो ना. उद्या मापाला बोलावलंय.”

“त्याला नुसती पट्टी उसवून भागणार नाही. सगळाच नवा करावा लागेल.”

“तेच म्हणाल्या त्या,” दोनटेपे म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोला ही पहिली मोठी थाप मारली होती आणि ती इतकी सफाईदार बसली, की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी पडदेबाई जरीची टोपी घालून, पोलादी टेप घेऊन तपासणीच्या खोलीत शिरल्या. रोगी म्हणून येताना त्या वाकलेल्या असत, आज ताठ होत्या. नवऱ्याला टोक धरायला लावून त्यांनी पडद्याची उंची घेतली, रुंदी घेतली, आधीच्या शिंप्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉक्टरबाई भिंतीला टेकून सगळं निमूटपणे ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, “काकू, आलाच आहात तर दोन मिनिटं बसा. तुम्हाला काही दाखवते.”

कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी दोन चित्रं आली. दोन्हींत काळ्या पार्श्वभूमीवर एकच आकार, आणि त्यात उजळ पांढरा डाग. डावीकडचा डाग ऐसपैस होता, त्याच्या कडांना फाटे फुटले होते. उजवीकडचा आक्रसलेला होता, आणि पांढराही तेवढा नव्हता.

“हे काय?” पडदेबाईंनी विचारलं.

“डावीकडे तुमची गाठ, औषधाआधीची. उजवीकडे आत्ताची. आपण हाताच्या शिरेतून जो रंग सोडतो ना, तो गाठ आधी गटागटा ओढून घ्यायची. आता घोट घोट घेतेय. तिचं पाणी तुटतंय.”

“पण ती तर वाढलीय. दोन पॉइंट नऊची तीन पॉइंट चार झाली.”

“दोन पॉइंट नऊ सोनोग्राफीचं माप होतं, काकू. ही दोन्ही चित्रं एमआरआयची आहेत. सोनोग्राफीला मधला गाभा दिसतो, एमआरआयला कडेचा पसाराही दिसतो. तुमच्या गाठीला पसारा होता, म्हणून पहिल्या एमआरआयला ती पाच पॉइंट दोन भरली होती. आता तीन पॉइंट चार आहे. औषध छान लागू पडतंय. मशीनचं माप मशीनशीच लावायचं असतं. एकाचा आकडा घेऊन दुसऱ्याच्या आकड्याशी...”

डॉक्टरबाई पुढेही बोलत होत्या, पण पडदेबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. त्यांच्या हातात पोलादी टेप होती. जी चूक त्यांनी तीस-बत्तीस वर्षं शिकाऊ मुलींना, गिऱ्हाइकांना, रद्दीवाल्याला, सगळ्या जगाला तात्पर्यासकट ऐकवली, ती त्यांनी स्वतः केली होती, आणि या वेळी आखूड पडणार होतं ते पडद्याचं कापड नव्हतं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता तो बोलणार होता. बोलायचा त्याला हक्क होता, एवढी वर्षं साठवलेला, व्याजासकट. त्यांनी खांदे आवळून घेतले.

दोनटेपे छताकडे बघत होते. “हा रॉडही बदलावा लागेल,” ते म्हणाले.

घरी भावजी चूर्णाची पुडी घेऊन वाट बघत होते. पडदेबाईंनी पुडी घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला बद्धकोष्ठ आहे ना? तुम्हीच घ्या.” पुढच्या दिवशी त्या औषधाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. कर्करोगाच्या सौम्य डॉक्टरांनी चुकलेल्या तारखेबद्दल त्यांना असौम्यपणे झापलं, आणि बोटांची तक्रार पहिल्यांदाच ऐकून औषधाचं प्रमाण थोडं कमी केलं. ही तक्रार त्यांनी आधी सांगितलीच नव्हती. डॉक्टरांना आपण रडूबाई वाटू, म्हणून.

औषधं संपली तेव्हा शेवटचा एमआरआय झाला. चित्रात पांढरा डाग नव्हता. ती तिळाएवढी खूण तेवढी आपल्या जागी राखणीला बसली होती. भावजी म्हणाले, गाठच नाही तर ऑपरेशन कशाला, उगाच कापाकापी. “आटवलं होतं ते कापायलाच,” पडदेबाई म्हणाल्या. “चित्रात दिसत नाही म्हणजे कणभरही उरलं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” हे त्यांना दोनच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्यांनी ते जन्मापासून माहीत असल्यासारखं ऐकवलं.

ऑपरेशनच्या आधी त्या नवा पडदा घेऊन तपासणीच्या खोलीत गेल्या. हळूहळू, चष्म्यातून सुईवर डोळा ठेवून, त्यांनी तो स्वतः शिवला होता. दोनटेपे बाहेर रॉड उतरवून घेत होते. डॉक्टरबाईंनी पडदा हातात घेतला आणि त्या ओशाळल्या.

“काकू, एक सांगू का? आम्ही पडदा मागितलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“काका आले होते त्या दिवशी. तुम्ही औषध सोडलंत म्हणाले. मी त्यांना दोन्ही चित्रं दाखवली, मापाचा घोळ समजावला. ते एकदम खुर्चीतच बसले. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा ना घरी. तर म्हणाले, नको, माझ्या तोंडून तिला ते टोचेल. तुम्ही सांगा, आणि मी आज येऊन गेलो हे नका सांगू.”

पडदेबाईंनी पडद्याची घडी नीट केली. नीट असलेली घडी त्यांनी पुन्हा उलगडून पुन्हा नीट केली. मग डोळे टोपीच्या जरीने पुसले. जरीचं कापड टोचतं, हे त्यांना टोपी शिवताना सुचलं नव्हतं.

ऑपरेशन पार पडलं. काढलेल्या भागात काही उरलं नव्हतं. काखेतल्या ग्रंथीही तपासणीसाठी काढल्यामुळे डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना. बोटांत जाणीव थोडी आली, पूर्ण आली नाही. पुन्हा कामं सुरू झाली, आणि पहिल्याच घरी खिडकीचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा स्टुलावर चढून टेप वर धरणं पडदेबाईंना जमेना. त्या खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी टेपचं खालचं टोक धरलं. दोनटेपे वर चढले.

त्या घरची सूनबाई चहा घेऊन आली आणि गप्पा मारायला टेकली. “माप कधी चुकत नाही का हो?” तिने विचारलं.

वर स्टुलावर दोनटेप्यांनी सवयीने हसू तयार ठेवलं.

“चुकतं ना,” पडदेबाई म्हणाल्या. “एक बाई होती. एका टेपचा आकडा घेतला, दुसऱ्या टेपच्या आकड्याशी ताडला, आणि जिवावर उठली. स्वतःच्याच.”

“अगं बाई. कोण हो?”

“मीच.” त्यांनी खालचं टोक जमिनीशी घट्ट दाबलं, दाब कळत नव्हता म्हणून बोटाकडे बघत, आणि वर न बघता म्हणाल्या, “अहो, आकडा सांगा.”

वरून बराच वेळ आकडा आला नाही. आला तेव्हा आवाज बसलेला होता, त्यामुळे पडदेबाईंनी तो पुन्हा विचारून घेतला.